छापील पानावरची मण्यार

कात्रजच्या सर्पोद्यानाला भेट दिलेल्या एका शाळेचे वार्षिक आमच्यासमोर आहे. मांडणी नेटकी, मजकूर अचूक. पण मण्यार आणि कवड्या या सापांची शेजारी शेजारी छापलेली छायाचित्रे पाहून काहीच उलगडत नाही. दोन्ही साप सारखेच काळे, दोन्हींवर पांढरे आडवे पट्टे!

हा दोष केवळ देखणेपणाचा नाही. मण्यार अतिविषारी, कवड्या बिनविषारी. मण्यारीच्या पाठीच्या मध्यावर मोठ्या षट्कोनी खवल्यांची ओळ असते. तिचे पट्टे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असून शेपटीकडे फिके होत जातात. १९८६ साली सुरू झालेल्या या सर्पोद्यानात मुलांनी शिकायच्या त्या याच खुणा, आणि छपाईत नेमक्या त्याच बुडाल्या आहेत.

असे का होते? संगणकावरील करड्या चित्रात काळ्यापासून (०) पांढऱ्यापर्यंत (२५५) एकूण २५६ छटा असतात. पडदा स्वतः प्रकाश देतो. कागद मात्र पडलेला प्रकाश परत पाठवतो. शिवाय छपाईयंत्राजवळ करडी शाई नसते. काळ्या शाईची लहानमोठी टिंबे करडेपणाचा भास निर्माण करतात. वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली धरल्यास विद्यार्थ्यांना ती सहज दिसतील. शाई कागदात पसरली की टिंबे फुगतात. वर्तमानपत्री कागदावर ५० टक्क्यांचे टिंब सुमारे ७५ टक्क्यांचे होते आणि ८५ टक्क्यांच्या पुढची टिंबे एकमेकांत मिसळून सलग काळे होते. समजा, मण्यारीच्या पाठीच्या छटा १० ते ४० यांदरम्यान आहेत. म्हणजे ९६ ते ८४ टक्के शाई! खवले दिसणार कसे?

ही अडचण नवी नाही. हाफटोन ठशांच्या काळात कारागीर आम्लाने टिंबे लहान करून गडद भाग उजळत. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी दादासाहेब फाळके याच ठशांच्या व्यवसायात होते. आज तेच काम ‘लेव्हल्स’ आणि ‘कर्व्हज’ या सोयींनी होते. पाठीच्या छटा १० ते ४० ऐवजी ४० ते ९० अशा पसरवाव्यात, मधल्या छटा थोड्या उजळाव्यात आणि पांढऱ्या पट्ट्यांतही ३ ते ५ टक्क्यांचे टिंब राहू द्यावे. पडद्यावर चित्र फिकट वाटेल, वाटू द्यावे. ‘आपोआप सुधारणा’ करणारे बटण मात्र टाळावे. काळे अधिक काळे आणि पांढरे अधिक पांढरे करणे हाच बहुधा त्याचा खाक्या असतो.

दोन मर्यादा सांगायला हव्यात. फ्लॅशच्या चमकेने खवले कॅमेऱ्यातच २५५ वर गेले असतील, तर तेथील तपशील कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही. तसेच टिंबे फुगण्याची भरपाई छापखाना स्वतः करत असेल, तर आपली दुरुस्ती धरून ती दुप्पट होते आणि मण्यार राखाडी दिसते. म्हणून छापखान्याला आधी विचारावे आणि त्याच कागदावर एक नमुना काढून घ्यावा.

आमच्या मते अशा पानाची कसोटी साधी आहे. नमुना विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा आणि पाठीवरचे षट्कोन दाखवायला सांगावे. ते सापडले नाहीत, तर छायाचित्राऐवजी स्वच्छ रेखाचित्र छापावे. आणि चित्र कितीही चांगले असले, तरी त्याच्या भरवशावर कोणी सापाला हात लावू नये.