‘नेबमाअतरे’ : तीन चिन्हे आणि एक नाव

इजिप्तच्या तिसऱ्या आमेनहोतेपने (इ. स. पू. १४ वे शतक) शेणकिड्याच्या आकाराच्या ज्या स्मारकमुद्रा घडविल्या, त्यांपैकी २०० हून अधिक आज उपलब्ध आहेत. त्यांच्या तळावरील लेखात लांबट वेष्टनामध्ये राजाचे राज्याभिषेकनाम आढळते. चिन्हे तीनच : सूर्यबिंब, बसलेली माअत देवता आणि टोपली. चिन्हांचा क्रम ‘रे-माअत-नेब’ असा. वाचावयाचे मात्र ‘नेब-माअत-रे’, म्हणजे ‘रे हा सत्याचा स्वामी’. देवाचे नाव आदरार्थ अग्रस्थानी लिहिले जाते. आपल्या पत्राच्या शिरोभागीही ‘श्री’ येतो. परंतु तो वाक्याबाहेर राहतो. येथे आदराने नावातील पदक्रमच बदलला आहे.

येथवर वाद नाही. आक्षेप आहे तो ‘नेबमाअतरे’ हा राजाच्या नावाचा उच्चार मानण्यास. प्राचीन इजिप्शियन लिपी स्वर लिहीत नाही. ‘नेब’मधील ए-कार अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेला आहे, ‘माअत’मधील दोन्ही अ-कार तर वस्तुतः व्यंजनांचे, अलिफ व ऐन यांचे, प्रतिनिधी होत. रोमन लिपीत हा संकेत निदान ओळखू येतो. देवनागरीत प्रत्येक अक्षर स्वरयुक्त असल्याने तो उच्चार म्हणून प्रस्थापित होतो, आणि आपले विद्यार्थी त्यावर ध्वनिविचार उभारू लागतात.

उच्चाराचा पुरावा अन्यत्र आहे. १८८७ मध्ये अमार्ना येथे सापडलेल्या, बहुतांशी अक्कादी भाषेतील कीलाक्षरी पत्रांत हेच नाव स्वरांसह येते. बाबिलोनशी झालेल्या पत्रव्यवहारात ‘निब्मुअरेअ’, तर मितन्नीचा राजा तुश्रत्त याच्या पत्रांत ‘निम्मुरेय’. दुसऱ्या रूपातील ब्-म् चे म्म् हे सारूप्य मुद्रेवरून कधीही कळले नसते. ‘माअत’मधील स्त्रीलिंगी त् बोलण्यातून गेला होता, हेही या रूपांवरून दिसते, देवतेचे चित्र त्याविषयी मौन पाळते.

म्हणून लिप्यंतरात प्रथम हलन्त व्यंजने द्यावीत, अलिफ व ऐन यांस स्वतंत्र खुणा योजाव्यात, आणि रूढ नाव त्यानंतर, ते रूढ आहे असे सांगून लिहावे. ‘निम्मुरेय’ हेच खरे नाव म्हणून स्वीकारणेही घाईचे होईल. ते परभाषी लेखनिकाच्या कानातून आलेले आहे; शिवाय कीलाक्षरांत ‘रि’ व ‘रे’ यांना एकच चिन्ह चालते.