पंगत कुणाची, हुकूम कुणाचा?

इंग्रजी अमदानीतला मानपान हा विषय आपल्याकडे बहुधा थट्टेवारी नेला जातो. कलेक्टरच्या मडमेने मेजवानीला आधी आत जायचे की कर्नलच्या, हे ठरवायला सरकारी कोष्टक लागत असे, हे वाचून हसू येणे स्वाभाविक आहे. त्या कोष्टकाचे नाव ‘वॉरंट ऑफ प्रिसिडन्स’. १८८१ च्या सुमारास त्यात ७७ पायऱ्या होत्या. मुलकी नोकराची नोकरीची वर्षे मोजून त्याला कोणत्या लष्करी हुद्द्याच्या बरोबरीने बसवायचे, हे त्यात ठरलेले असे. बायकांना सामान्यतः नवऱ्याची पायरी मिळे.

डेव्हिड कॅनडाइन या इंग्रज इतिहासकाराने ‘ऑर्नमेंटलिझम’ (२००१) या पुस्तकात ही थट्टा बाजूला ठेवून या मानपानाकडे गंभीरपणे पाहिले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. साम्राज्य उभे होते ते केवळ वंशभेदावर नव्हे. आपल्या देशातली उच्चनीचतेची उतरंड इंग्रजांनी वसाहतींत नेली आणि पदव्या, दरबार, मानाच्या जागा यांच्या आधारे साम्राज्य बांधून ठेवले, असे त्याचे प्रतिपादन आहे. हिंदुस्थानातले हे कोष्टक त्याला त्या उतरंडीचा नमुना वाटते. माझा मतभेद इथे सुरू होतो. कॅनडाइन कोष्टकाला व्यवस्थेचे चित्र समजतो. मला तो भांडणाऱ्या दोन भावांमधला तहनामा वाटतो, आणि तोही अर्धाच. पंगतीत कोण कुठे बसेल हे त्यात लिहिले आहे. कुणाचा हुकूम कुणावर चालेल हे लिहिलेले नाही.

तीन प्रसंग पाहावेत. पहिला मद्रासचा, १८०९ चा. सर जॉर्ज बार्लो हा मुलकी पेशाचा गव्हर्नर. सेनापती जनरल मॅकडॉवल याला आधीच्या सेनापतींप्रमाणे कौन्सिलात जागा मिळाली नव्हती. हा अपमान त्याच्या मनात होताच. त्यात पलटणींच्या तंबूखर्चाचा मक्ता सरकारने बंद केला, आणि ज्या कर्नल मन्रोच्या अहवालामुळे अधिकारी दुखावले होते त्याला मॅकडॉवलने अटकेत टाकले. गव्हर्नरने मन्रोला सोडवले. सेनापतीने राजीनामा देऊन जहाज गाठले. ते जहाज समुद्रात बेपत्ता झाले. मागे मात्र गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंड पेटले. मछलीपट्टण, श्रीरंगपट्टण, हैदराबाद आणि आपले जालना इथल्या छावण्या त्यात होत्या. कौन्सिलातल्या एका खुर्चीचा प्रश्न असा छावण्यांपर्यंत पोचला.

दुसरा प्रसंग १८५० चा. सिंध जिंकणारा सर चार्ल्स नेपियर तेव्हा सरसेनापती होता. धान्याच्या महागाईबद्दल शिपायांना मिळणाऱ्या भत्त्याचा एक नियम त्याने पंजाबात वझीराबादला आपल्या अखत्यारीत स्थगित केला. शिपाई बिथरतील, ही त्याची भीती. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने त्याला कडक समज दिली आणि नेपियरने राजीनामा दिला. लंडनला वेलिंग्टनने कौल दिला तो डलहौसीच्या बाजूने. वॉटर्लूचा विजेता सेनापती मुलकी अधिकाराच्या मागे उभा राहिला, हे विसरता कामा नये. हा तंटा दोन जातींचा नव्हता. तिजोरीला हात घालण्याचा अधिकार कुणाचा, हा मुद्दा होता.

तिसरा प्रसंग सर्वांत बोलका. १९०५ साली लॉर्ड किचनेर सरसेनापती होता. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात त्याचा मान मोठा. पण त्याच कौन्सिलात लष्करी खात्याचा एक स्वतंत्र सभासद असे, मेजर जनरल एलिस. मानाने एलिस किचनेरच्या खाली. कामकाजात मात्र सरसेनापतीचा प्रस्ताव एलिसच्या खात्यातून जाई आणि त्यावर खात्याचा शेरा पडे. मानाने वरचा आणि कागदाने खालचा, हे किचनेरला सोसले नाही. लॉर्ड कर्झनचे म्हणणे असे, की व्हाइसरॉयला लष्करी बाबतीत दुसरा, स्वतंत्र सल्ला हवाच. नाहीतर तो सेनापतीच्या मुठीत जाईल. लंडनने झुकते माप किचनेरला दिले. कर्झनने ऑगस्ट १९०५ मध्ये राजीनामा दिला. लष्करी सभासदाचे उरलेसुरले पद १९०९ मध्ये गेले.

फाळणी करणाऱ्या कर्झनबद्दल आपल्याला प्रेम असण्याचे कारण नाही. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसमध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली होती. तरी या एका प्रश्नात त्याची बाजू खरी होती, आणि ते सिद्ध करायला मेसोपोटेमियाची मोहीम यावी लागली. १९१६ मध्ये कुत पडले. १९१७ च्या चौकशी आयोगाने निष्कर्ष काढला, की सरसेनापती आणि लष्करी सभासद ही दोन्ही कामे एका माणसाला झेपणारी नाहीत. मानाची आणि हुकमाची जागा एकाच हाती गेली, त्याची किंमत हिंदी शिपायांनी दिली.

आता कॅनडाइनच्या मुख्य सिद्धांताकडे. कोष्टकात वंश लिहिलेला नाही, हे खरे. सनदी नोकरीत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात नोकरी करून १८९७ मध्ये साताऱ्याला जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. नोकरीच्या वर्षांच्या हिशेबात त्यांची पायरी कितीतरी गोऱ्या कॅप्टनांच्या वर होती. पण त्याच साताऱ्याचा सुभेदार मेजर, जन्मभर पलटणीत झिजूनही, काल विलायतेहून आलेल्या पोरसवदा सेकंड लेफ्टनंटच्या खालीच राही. राजाच्या सनदेचा हुद्दा हिंदी माणसांना मिळू लागला तो १९१७ पासून. वंशभेद पंगतीत दिसत नव्हता, कारण तो दारावरच उभा होता. पंगतीचे चित्र पाहून घराचा स्वभाव सांगणाऱ्याने दाराशी अडलेले लोकही मोजायला हवेत. कॅनडाइनच्या चित्रात ते पुरेसे मोजलेले नाहीत.

इंग्रज गेल्यावर कोष्टक गेले नाही; राष्ट्रपतींच्या नावाने ते आजही चालू आहे. मात्र एक बदल झाला. दिल्लीतले सरसेनापतीचे निवासस्थान, फ्लॅगस्टाफ हाउस, १९४८ मध्ये पंतप्रधानांचे घर झाले आणि ‘तीन मूर्ती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५५ मध्ये सरसेनापती हे पदनामही संपले. आजच्या कोष्टकात तिन्ही सेनाप्रमुख बाराव्या क्रमांकावर, कॅबिनेट सचिवाच्या एक पायरी खाली आहेत. यावरून कुरबुर अधूनमधून होते. ती करणाऱ्यांनी आणि तिला हसणाऱ्यांनी, दोघांनीही, १९०५ चे दप्तर चाळावे. सैनिकाला मान किती द्यावा यावर वाद घालायला हरकत नाही. हुकूम मात्र लोकांनी निवडून दिलेल्यांचाच चालला पाहिजे, आणि त्यांच्या कानाशी दुसरा सल्ला देणारा कुणीतरी असला पाहिजे.