‘द होली गर्ल’मध्ये संदिग्ध नेमकं काय आहे?

लुक्रेसिया मार्तेलच्या ‘ला निन्या सांता’ (‘द होली गर्ल’, २००४) या अर्जेंटिनी चित्रपटाबद्दल वाचायला लागलं की एक शब्द हटकून भेटतो : संदिग्ध. ज्यांना चित्रपट आवडला त्यांच्या लेखी तो गुण, इतरांच्या लेखी तक्रार. माझं दोघांशीही जमत नाही.

एका जुन्या हॉटेलात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची परिषद भरलेली आहे. मालकीण हेलेनाची किशोरवयीन मुलगी अमालिया धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाते. देवाची हाक आली तर ती ओळखायची कशी, ही तिथली चर्चा. रस्त्यावर थेरेमिन (हात न लावता वाजवायचं वाद्य!) ऐकायला गर्दी जमते आणि परिषदेला आलेला डॉ. हानो मागून अमालियाला खेटतो. तिला वाटतं, हीच ती हाक. या माणसाला वाचवायचं.

हानोच्या कृत्यात संदिग्ध काहीही नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी गर्दीच्या बसने काढली. मला तो प्रसंग कळायला क्षणही लागला नाही. त्याला ‘धूसर सीमारेषा’ वगैरे म्हणणारी समीक्षा वाचली की चीड येते. मार्तेल तिथे अगदी स्पष्ट आहे. कळली नाही ती अमालिया. ती ओरडत नाही, उलट त्याच्या मागावर राहते. पहिल्यांदा पाहताना मला तिचाच राग आला होता.

म्हणून तिला निव्वळ बळी ठरवणारं किंवा चित्रपटाला धर्मावरची टीका मानणारं वाचन मला सोयीचं वाटलं असतं. पण दोन्हींत अमालिया ऐकते काय, हा प्रश्न सुटून जातो. मार्तेल स्वतः साल्तामध्ये, कॅथलिक वातावरणात वाढली. श्रद्धेची ती टिंगल करत नाही. वर्गात मिळालेली भाषा ही मुलगी शब्दशः खरी मानते, एवढंच. घडलं त्याला नाव द्यायला तिच्याकडे दुसरा शब्दच नाही. हेलेनाच्या कानात गुणगुण आहे, हानो तिचे कान तपासतो, आणि तिच्याच मुलीच्या बाबतीत काय चाललंय ते तिला ऐकू येत नाही.

राहिला शेवट. स्वतःचं बिंग झाकायला मैत्रीण होसेफिना हानोचं प्रकरण घरी सांगून टाकते. तिचे आईवडील हॉटेलात पोचतात. परिषदेच्या समारोपात हेलेना आणि हानो रुग्ण-डॉक्टरचं नाटुकलं करायला उभे राहणार आहेत. स्फोट आपल्याला दिसत नाही. ‘शेवटच नाही’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर साधं आहे : कुणाचं काय होणार, हे आपल्याला पुरतं ठाऊक असतं. मिळत नाही ते हानोची फजिती पाहण्याचं समाधान. ते मलाही हवं होतं, अजूनही हवं आहे. मार्तेल मात्र कॅमेरा घेऊन तरणतलावाकडे जाते. तिथे दोघी मुली पाण्यावर पडून आहेत, आणि आत काय पेटणार आहे याची अमालियाला कल्पनाही नाही.