नेटवर्क स्विचचा नियोजित पुनरारंभ : एक चिकित्सा

संगणकीय जाळ्याची देखभाल हा विषय आपल्याकडे बहुधा तंत्रज्ञांवर सोपवून दिलेला असतो. त्यातील रूढ पद्धतींची चिकित्सा व्हावी, असे सहसा कोणास वाटत नाही. अशा पद्धतींपैकी एक म्हणजे नेटवर्क स्विच ठरावीक वेळी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हावा, अशी तजवीज करून ठेवणे. दर रविवारी पहाटे तीन वाजता स्विच पुन्हा सुरू होतो, सोमवारी कोणाची तक्रार येत नाही आणि व्यवस्था सुरळीत असल्याचा निर्वाळा दिला जातो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप पुनरारंभावर नाही. ज्या बिघाडासाठी तो योजला गेला, त्या बिघाडाचा उल्लेख वेळापत्रकात कोठेच नसतो, यावर आहे.

या पद्धतीस शास्त्रीय अधिष्ठानच नाही, असे म्हणता येणार नाही. १९९५ साली हुआंग, किंताला, कोलेटिस आणि फुल्टन यांनी ‘सॉफ्टवेअर रिजुव्हनेशन’ ही संकल्पना एका शोधनिबंधात मांडली. दीर्घकाळ अखंड चालणारी आज्ञावली कालांतराने जीर्ण होते. घेतलेली मेमरी परत केली जात नाही, गणनेतील सूक्ष्म त्रुटी साचत जातात. ती कोसळण्याची वाट न पाहता सोयीच्या वेळी थांबवून स्वच्छ स्थितीत पुन्हा सुरू करणे स्वस्त पडते, असा हा विचार. परंतु त्याच निबंधात खर्चाचे गणितही आहे आणि हा उपाय प्रत्येक प्रणालीस किफायतशीर ठरेलच असे नाही, हेही त्यातून निघते. व्यवहारात निबंधातील उपाय तेवढा उचलला गेला, गणित मागे राहिले.

स्विचच्या बाबतीत हे गणित मांडावयाचे तर पुनरारंभात काय गमावले जाते, हे प्रथम पाहावे लागेल. जतन न केलेली मांडणी नाहीशी होते. स्विचमधूनच वीज घेणारे दूरध्वनी आणि कॅमेरे बंद पडतात. जुना स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल असल्यास स्विच उठल्यानंतरही प्रत्येक पोर्ट सुमारे ३० सेकंद माहिती पुढे पाठवीत नाही. हे सारे पहाटे तीन वाजता सोसण्याजोगे आहे. सोसण्याजोगा नसलेला तोटा निराळाच आहे. स्विचने स्वतःच्या मेमरीत ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदीही पुसल्या जातात. म्हणजे बिघाडाचा पुरावा जेथे साठत होता, ती जागाच आपण दर आठवड्याला झाडून काढतो. वेळेचीही एक गंमत आहे. सिस्कोच्या ‘रिलोड अॅट’ या आज्ञेस घड्याळ बरोबर असावे लागते. पण त्याच कंपनीचे कॅटॅलिस्ट मालिकेतील कित्येक स्विच वीज गेल्यावर वेळ राखू शकत नाहीत आणि उठल्याबरोबर १ मार्च १९९३ ही तारीख दाखवितात. जाळ्यावरील एनटीपी सर्व्हरकडून वेळ मिळेपर्यंत अशा स्विचला रविवार कोणता, हेच ठाऊक नसते.

नियोजित पुनरारंभावर विसंबून राहण्याची परिणती कोठवर जाऊ शकते, हे १४ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पामडेल येथे दिसून आले. तेथील हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात नियंत्रक व वैमानिक यांच्यातील संभाषण जोडून देणारी स्विचिंग यंत्रणा अचानक बंद पडली. पर्यायी यंत्रणाही पाठोपाठ गेली. तीन तासांहून अधिक काळ शेकडो विमानांशी बोलणे अशक्य झाले. नियंत्रकांनी खिशातील मोबाइलवरून अन्य केंद्रांशी संपर्क साधला. टक्कर झाली नाही, तरी किमान पाच प्रसंगी विमाने विहित अंतराच्या आत आली. कारण गणिती होते. यंत्रणेतील एक गणक मिलिसेकंद मोजीत उलटा चालत असे. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या सुमारे ४९.७ दिवसांत संपते आणि ती संपताच यंत्रणा बंद होई. हे ठाऊक असल्यामुळे दर ३० दिवसांनी ती हाताने पुन्हा सुरू करावी, असा नियम होता. त्या वेळी तसे केले गेले नाही. दोष मानवी चुकीच्या खात्यात जमा झाला.

या निर्णयाशी सहमत होणे कठीण आहे. रचनाकाराने सोडलेली उणीव नियमाच्या रूपाने तंत्रज्ञाच्या दिनदर्शिकेत ढकलायची आणि दिनदर्शिका चुकली की तंत्रज्ञास अपराधी ठरवायचे, हा न्याय नव्हे. हाताने करावयाचे काम स्वयंचलित केले असते तर प्रश्न मिटला असता, असे कोणी म्हणेल. त्या दिवसापुरता मिटलाही असता. पण मग त्या गणकाचे अस्तित्व केंद्रातील शेवटच्या जाणकारासही विसरता आले असते.

शिवाय पुनरारंभ ही केवळ त्या एका उपकरणाची खाजगी बाब नसते. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी कंपनीचा न्यूयॉर्कमधील एक दूरध्वनी स्विच स्वतःला सावरण्यासाठी काही सेकंद थांबून पुन्हा सुरू झाला. तो परतल्यावर त्याने पाठविलेल्या संदेशांमुळे शेजारचे स्विच अडखळले. तेही थांबून परतले आणि त्यांनी आपल्या शेजाऱ्यांना तेच दुखणे दिले. ११४ स्विचांचे जाळे सुमारे नऊ तास विस्कळीत राहिले. मूळ चूक, स्विच लवकर सावरावेत म्हणून नुकत्याच केलेल्या आज्ञावलीच्या सुधारणेत होती.

याउलट २०१५ सालचे बोइंग ७८७ विमानाचे उदाहरण पाहावे. वीज सलग २४८ दिवस चालू राहिल्यास जनित्रांच्या नियंत्रकांतील गणक भरून वाहतो आणि सर्व जनित्रे एकदम बंद पडू शकतात, असे आढळले. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने कमाल १२० दिवसांच्या अंतराने वीज पूर्ण बंद करण्याचा आदेश काढला. उपाय तोच, बंद करून पुन्हा सुरू करणे. पण आदेशात कारण होते, मर्यादा होती आणि सुधारित आज्ञावली तयार होत असल्याचा उल्लेखही होता.

महाविद्यालयाच्या संगणक कक्षातील स्विचबाबतही असे करणे अवघड नाही. पुनरारंभाच्या आधी मेमरीचा वापर आणि साठलेल्या नोंदी दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि वेळापत्रकाशेजारी संशयित बिघाड, आज्ञावलीची आवृत्ती व ती बदलण्याची अपेक्षित तारीख लिहावी. मेमरी खरोखर गळत असेल तर चार-सहा आठवड्यांच्या आकड्यांत ती दिसू लागते. न दिसल्यास, रविवारचा पुनरारंभ कशासाठी चालला होता, हा प्रश्न त्याच नोंदवहीत उभा राहतो.