स्क्रीन रेकॉर्ड करताय? मग आधी फाइल कुठे जाते ते बघा

संशोधनासाठी स्क्रीन रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर निवडताना आपण काय बघतो? मोफत आहे का, वॉटरमार्क येतो का, पटकन शिकता येतं का. ऑफिसातल्या माणसासाठी हे निकष ठीक आहेत. त्याला सहकाऱ्याला "हे बटण इथे आहे" एवढंच दाखवायचं असतं. तुमचं काम वेगळं आहे. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्याचं काम असतं, दुसऱ्याची माहिती असते आणि तुम्ही दिलेला शब्द असतो.

एक उदाहरण घ्या. समजा, आपले सरकार सेवा केंद्राचा चालक उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज कसा भरतो, कुठे अडखळतो, याचा तुम्ही अभ्यास करताय. चालकानं संमतीपत्रावर सही केली. पण स्क्रीनवर नाव, पत्ता, आधार क्रमांक दिसतोय तो काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या बाईंचा. त्यांना कुणीच विचारलेलं नाही. या प्रसंगाला लावून तीन साधनं तपासू.

पहिलं लूम. ऑफिसांमध्ये ते आवडतं याचं कारण सरळ आहे: रेकॉर्डिंग थांबवलं की लिंक तयार. अटलासियननं २०२३ मध्ये ही कंपनी सुमारे ९७.५ कोटी डॉलरना घ्यायचं जाहीर केलं, ते या सोयीच्या जोरावरच. पण लिंक लगेच तयार होते याचा अर्थ व्हिडिओ आधीच कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचलेला असतो. म्हणजे तुम्ही नाव झाकायच्या आधीच मूळ प्रत तुमच्या हातातून गेलेली असते. मार्च २०२३ मध्ये एका तांत्रिक बदलामुळे लूमच्या काही वापरकर्त्यांना इतरांच्या खात्यांतली माहिती दिसली होती. कंपनीनं ते कबूल केलं आणि दुरुस्तही केलं. तरी मुद्दा उरतोच: तुमच्या संमतीपत्रात "माहिती फक्त माझ्याकडे राहील" असं लिहिलं असेल, तर ते वाक्य पहिल्याच रेकॉर्डिंगला खोटं ठरतं.

दुसरं विंडोजमधलं स्निपिंग टूल. हे तुमच्याच संगणकावर चालतं, म्हणून निर्धास्त वाटतं. पण मार्च २०२३ मध्येच 'अॅक्रोपॅलिप्स' नावाची चूक उघड झाली. स्क्रीनशॉट कापून त्याच फाइलवर सेव्ह केला, की नवी छोटी प्रतिमा जुन्या फाइलवर लिहिली जायची, पण फाइलची उरलेली शेपटी पुसली जायची नाही. कापून टाकलेला बराचसा भाग त्या शेपटीतून परत काढता यायचा. गुगलच्या पिक्सेल फोनमध्येही हीच चूक होती, तीही काही वर्षं. दोन्ही कंपन्यांनी अपडेट दिले, पण आधीच पाठवलेल्या प्रतिमा अपडेटनं सुधारत नाहीत. डोळ्यांना दिसत नाही म्हणजे फाइलमध्ये नाही, असं धरून चालू नका, हा यातला धडा.

तिसरं ओबीएस स्टुडिओ. मुक्त स्रोत, मोफत, आणि फाइल तुमच्याच डिस्कवर. पूर्ण स्क्रीनऐवजी एकच विंडो रेकॉर्ड करायची सोय आहे, त्यामुळे मध्येच उगवणारे व्हॉट्सअॅपचे मेसेज सहसा त्यात येत नाहीत. एमकेव्ही स्वरूपात रेकॉर्ड केलं, तर मध्येच वीज गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग बहुधा वाचतं. साध्या एमपी४ मध्ये अख्खी फाइल हातची जाऊ शकते. दोष? पहिल्या दिवशी सीन, सोर्स, ऑडिओ या जंजाळात माणूस हरवतो. आणि ओबीएस नाव झाकत नाही, ते तुम्हालाच नंतर करावं लागतं.

झाकताना ब्लर किंवा पिक्सेलेट करू नका. पिक्सेलेट केलेला मजकूर ओळखून काढणारी साधनं, उदाहरणार्थ डेपिक्स, २०२० पासून कुणालाही उपलब्ध आहेत. सरळ काळी पट्टी टाका, ती प्रतिमेतच मुरलेली नवी फाइल तयार करा, आणि पुढे तीच वापरा.

तिघांत निवडायचं तर मी ओबीएस निवडेन. पण तेवढ्यानं त्या बाईंचा प्रश्न सुटत नाही. काल्पनिक माहितीचा सराव-अर्ज भरून घेता येतो, पण मग रांगेचा ताण आणि घाई हरवते. कदाचित तुमचा संशोधन-प्रश्नच त्या घाईबद्दल असतो. अशा वेळी दोन रस्ते उरतात: बाईंचीही परवानगी घ्या, नाहीतर रेकॉर्डिंग सोडून वहीत नोंदी करा. चालक कुठे थांबला, किती वेळा मागे गेला, हे वहीतही नीट टिपता येतं. "व्हिडिओ आहे" म्हणून गाइड खूश होतात हे खरं, पण ते कारण पुरेसं नाही.

म्हणून सॉफ्टवेअर डाउनलोड करायच्या आधी एका कागदावर चार ओळी लिहा: स्क्रीनवर कुणाकुणाची माहिती दिसेल, मूळ फाइल कुठे राहील, ती कोण उघडू शकेल, आणि कधी पुसली जाईल. नैतिकता समितीला लागणारा मजकूरही जवळपास हाच असतो. ज्या सॉफ्टवेअरमुळे यातली एकही ओळ खरेपणानं लिहिता येत नाही, ते कितीही सोपं असलं तरी तुमच्या कामाचं नाही.