गुडघे टेकणारा नायक

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीलगत मी खोली शोधत होतो. घरमालकाने प्रथम आडनाव विचारले. त्यावरून काही उमगेना, तेव्हा गाव विचारले. मग गावात घर कोणत्या अंगाला, हेही विचारले. खोली मिळाली नाही. त्याच दिवसांत शिमाझाकी तोसोन या जपानी लेखकाची 'हाकाई' (१९०६) ही कादंबरी वाचत होतो. तिची सुरुवातही भाड्याच्या खोलीपासूनच होते. एका श्रीमंत माणसाची जात कळते, त्याला बिऱ्हाडातून हाकलले जाते. आणि तीच जात लपवून राहणारा शाळामास्तर उशिमात्सू घाईने जागा बदलतो.

आपल्या सामान्यज्ञानातला जपान म्हणजे सामुराई, चेरीचा बहर आणि हायकू. त्याच जपानात मेलेली जनावरे सोलणाऱ्या, कातडे कमावणाऱ्या माणसांना 'एता', म्हणजे विटाळाने भरलेले, म्हणत. १८७१ च्या फर्मानाने हा भेद कायद्यातून गेला. मनातून गेला नाही. १९७५ साली त्यांच्या वस्त्यांच्या गुप्त याद्या कंपन्यांना विकल्या जात असल्याचे उघडकीस आले. नोकरी मागणाऱ्याचे गाव त्या यादीत पाहायचे. कुपवाडच्या घरमालकाला यादी लागली नाही, एवढाच फरक!

जात कुणालाही सांगू नकोस, ही उशिमात्सूच्या बापाची आज्ञा. 'हाकाई' म्हणजे त्या आज्ञेचा भंग. उघडपणे जात सांगून लिहिणारा रेन्तारो मारला जातो, तेव्हा उशिमात्सू वर्गात खरे सांगतो. पण कसे? मुलांसमोर गुडघे टेकून, क्षमा मागून! मग तो टेक्सासला जायला निघतो.

क्षमा कशाची? तोसोन त्या समाजातला नव्हता. त्याची करुणा खोटी नाही. पण ती अन्याय करणाऱ्याला मोकळे सोडते आणि सोसणाऱ्यालाच अपराधी ठरवते. आपल्याकडच्या सहानुभूतीच्या साहित्याचेही हेच दुखणे आहे.

याच्याशेजारी बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा ठेवावी. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ चा. तिथला रेल्वे कामगारही जात लपवतो, उघडा पडतो, मार खातो. पण तो क्षमा मागत नाही. मारणाऱ्या हातांमागचा मनू तो ओळखतो. तोसोनचा नायक आरोपी होतो, बागुलांचा नायक फिर्यादी.

३ मार्च १९२२ रोजी क्योटोत 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन झाली. तिच्या जाहीरनाम्याने इतरांची दया नाकारली आणि हिणवण्याचे नावच अभिमानाने घेतले. पाच वर्षांनी, १९२७ मध्ये, महाडला आपण तळ्याचे पाणी प्यालो. गुडघे टेकून नव्हे, हक्काने!

शिक्षक मित्रांनी 'हाकाई' विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. मात्र शेवटच्या प्रसंगाशी थांबून विचारावे, या वर्गात क्षमा कुणी कुणाची मागायला हवी होती?