नारायणरावांचं कर्जप्रकरण

बँकेतल्या कारकुनाने बालगंधर्वांवर लिहू नये, असं रिझर्व्ह बँकेचं एकही परिपत्रक नाही. मी शोधून पाहिलं. फाटकी नोट किती फाटकी असली तर घ्यायची, मयताच्या खात्याचं काय करायचं, खातेदाराशी सौजन्याने कसं बोलायचं, या सगळ्यावर परिपत्रकं आहेत. नारायण श्रीपाद राजहंस या इसमाविषयी मात्र संपूर्ण मौन. तेव्हा लिहायला हरकत नसावी.

आता माझी पात्रता विचाराल तर बी. कॉम., सेकंड क्लास. कॅश काउंटरवर नोटा मोजायचं यंत्र फर्रर्र करत असताना मध्येच खोटी नोट आली की ते अडतं, एवढंच माझं लयीचं ज्ञान. पण ज्याला गाणं कळतं तो गाण्याबद्दल लिहितो आणि गाणाऱ्या माणसाचा जमाखर्च तसाच राहून जातो. तो मांडायला कारकूनच पाहिजे.

माझं घर साताऱ्याला आणि नोकरी सांगलीला. महिन्यातून दोनदा मी एस. टी. ने साताऱ्याला जातो. वाटेत, सातारा जवळ आल्यावर, हमरस्त्यावर नागठाणे लागतं. राजहंसांचं मूळ गाव नागठाणे, हे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लहानपणीच डोक्यात भरवलेलं. त्यामुळे ती पाटी दिसली की मी खिडकीतून हळूच हात जोडत असे. हा प्रकार मी पंधरा वर्षं केला. एकदा शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "इथं कुठला देव हो, साहेब?" मी सांगितलं. ते हसले. म्हणाले, "अहो, ते नागठाणं हे नव्हे! ते आपल्या सांगली जिल्ह्यात, पलूसजवळ, कृष्णेच्या काठाला. तुम्ही पंधरा वर्षं भलत्याच खात्यात भरणा करताय!"

बँकेच्या माणसाला यापेक्षा लागट बोलणं नाही.

घरी गंधर्वांचं वेड आजोबांपासूनचं. आजोबांनी सांगलीला त्यांचं नाटक पाहिलं होतं आणि उरलेलं आयुष्य ते त्या एका रात्रीच्या व्याजावर जगले. 'वन्समोअर'मुळे नाटक पहाटेपर्यंत चाललं, बाहेर आलो तर गवळी दुधाच्या घागरी घेऊन निघाले होते, हे वर्णन मी इतक्या वेळा ऐकलंय की ते गवळी मला चेहऱ्याने ओळखू येतील. अण्णांनी तेच वेड वारशाने घेतलं. आमच्याकडे जमीन नव्हती, त्यामुळे वाटणीत रेकॉर्डी आल्या.

मला मात्र गंधर्वांचं नाव निघालं की राग यायचा. त्याचं कारण गाण्यात नव्हतं, एका कागदात होतं.

मी दहावीत असताना अण्णा एका मित्राला जामीन राहिले. मित्राने एका पतसंस्थेचं कर्ज काढलं, धंदा बुडवला आणि एका रात्री कुटुंबासह गाव सोडलं. अण्णा शाळेत लेखनिक. पगार तो केवढा! चार जणांनी सांगितलं, वकील गाठा, कोर्टात वेळ काढा, हात वर करा. अण्णांनी ते केलं नाही. सात वर्षं दर महिन्याला स्वतः जाऊन हप्ता भरला. मला पुण्याला जाऊन सी. ए. करायचं होतं, ते त्या सात वर्षांत वाहून गेलं. आणि वाईट म्हणजे, हप्ता भरून आले की अण्णा खुर्चीत बसून गंधर्वांची रेकॉर्ड लावायचे. इकडे माझं भवितव्य चाललंय आणि तिकडे हे माना डोलवताहेत! माझ्या मनात मग ती तान आणि तो हप्ता यांची कायमची गाठ बसली.

ती गाठ सुटली ती गेल्या दिवाळीत, आणि तीही सिनेमामुळे.

चिरंजीवांनी घरच्या टी. व्ही. वर काहीतरी जोडाजोडी करून 'धर्मात्मा' लावून दिला. प्रभातचा, १९३५ सालचा, शांतारामबापूंनी दिग्दर्शित केलेला. आधी त्याचं नाव 'महात्मा' होतं. पण ते नाव घेतल्यावर त्या काळी सरकारला एकनाथांऐवजी भलतेच महात्मे दिसायचे. नावावर हरकत आली आणि महात्म्याचा धर्मात्मा झाला. बालगंधर्व त्यात संत एकनाथ. संगीत मास्तर कृष्णरावांचं, म्हणजे त्यांच्याच नाटक मंडळीत वाढलेल्या माणसाचं. नारायणराव तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. मीही सत्तेचाळीसचाच. या वयात मला बँकेने कॅशवरून क्लिअरिंगला बसवलं तर मी आठ दिवस रजेवर गेलो. या माणसाने तर तीस वर्षं अंगावर बाळगलेला शालू उतरवून, धोतर नेसून, यंत्रासमोर उभं राहायचं ठरवलं.

आता परीक्षण करायचं तर खरं बोललं पाहिजे. सिनेमातला नट म्हणून नारायणराव काठावर पास आहेत. ते एकनाथ दिसत नाहीत, एकनाथांचं काम करायला आलेले बालगंधर्व दिसतात. पद संपलं की ते क्षणभर थांबल्यासारखे वाटतात, आणि मला कळतं ते कशासाठी. आयुष्यभर त्या जागी 'वन्समोअर' ऐकलेला माणूस आहे तो. कॅमेरा काही 'वन्समोअर' देत नाही. फार तर 'रिटेक' देतो, आणि दोहोंत केवढा फरक! एकाचा अर्थ 'झकास झालं, पुन्हा करा' आणि दुसऱ्याचा 'झालं नाही, पुन्हा करा.'

तुलनाच करायची तर घरातलीच आहे. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, प्रभातने दामले-फत्तेलालांकडून 'संत तुकाराम' काढला. त्यातले विष्णुपंत पागनीसही गाणारेच आणि रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेलेच. पण पागनीस तुकारामात असे विरघळले की पुढे लोकांच्या डोळ्यांपुढे तुकोबा यायचे ते पागनिसांचा चेहरा घेऊन. तो सिनेमा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. नारायणरावांना हे जमलं नाही. त्यांना लपता येत नव्हतं. प्रभातशी त्यांचा मोठा करार झाला होता, तो या एका चित्रावरच आटोपला. मग १९३७ साली बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा लुगडं नेसून आले, पण सिनेमा पुढे सरकला होता आणि प्रेक्षकांना आता बाईच्या जागी बाई पाहायची सवय झाली होती. पडद्यावरचं खातं तिथेच बंद झालं.

मग त्या 'धर्मात्मा'त पाहण्यासारखं काय आहे? सांगतो, पण त्याआधी एकनाथांची एक गोष्ट आठवा. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एक पै लागेना, म्हणून नाथ रात्रभर दिवा लावून वह्या चाळत बसले, आणि पहाटे चूक सापडल्यावर त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. साऱ्या संतमंडळींत आम्हा बँकवाल्यांचा म्हणावा असा हा एकच संत! आणि त्यांचं काम कुणाला दिलं? तर ज्याने जन्मात रोजमेळ उघडून पाहिला नाही अशा माणसाला.

नारायणरावांचं कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर? आम्हाला खात्याच्या परीक्षेत कर्जदाराचे तीन 'सी' शिकवतात. कॅपिटल, कपॅसिटी, कॅरॅक्टर. भांडवल, फेडायची कुवत आणि माणसाची नियत.

घ्या, भांडवल. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. उत्पन्न भरपूर. पण रंगमंचावर खोटं काही चालायचं नाही. शालू खरे, अत्तर खरं. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. प्रेक्षक म्हणजे 'अन्नदाते मायबाप', आणि मायबापांना कुणी हलकं जेवण वाढतं का? तेव्हा शिल्लक शून्य. भांडवल, नापास.

कुवत. १९२१ च्या सुमारास मंडळीवर लाखाच्या वर कर्ज झाल्याचं उघडकीला आलं. त्या काळचा लाख! आणि त्याच साली, ८ जुलैला, नारायणराव मुंबईत काय करत होते? तर केशवराव भोसल्यांबरोबर 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग, टिळक स्वराज्य फंडासाठी. लोक सर्वांत वरच्या तिकिटाला शंभर शंभर रुपये मोजायला तयार, आणि पैसा गेला देशाला. असला अर्जदार समोर बसला असता तर मी चहासुद्धा मागवला नसता. कुवत, नापास.

राहिली नियत. हितचिंतकांनी सांगितलं, नादारी घ्या, कायदा तुमच्या बाजूने आहे. नारायणरावांनी घेतली नाही. ज्यांचं देणं आहे त्यांचं दिलं पाहिजे, एवढाच त्यांचा कायदा. मग पुढे वर्षानुवर्षं रात्र रात्र गाऊन ते कर्ज फेडलं. 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १२ मार्च १९११ ला, त्यांची लहान मुलगी गेली, तरी तोंडाला रंग लावून हा माणूस भामिनी म्हणून उभा राहिला, हे तर महाराष्ट्राला पाठ आहे. मी लहानपणी हे ऐकून म्हणायचो, काय कठोर माणूस! आता वाटतं, तिकीट काढून बसलेल्यांचं देणं होतं ना, ते आधी दिलं. रडणं स्वतःचं होतं, ते उधार ठेवलं.

तर 'धर्मात्मा'त हे दिसतं. ज्यांना गाव दूर ठेवतं त्यांच्या घरी एकनाथ जेवायला जातात, त्या गोष्टीत नारायणराव अभिनय करत नाहीत. तिथे ते काठावर पास नाहीत. आयुष्यभर येईल त्याला 'देवा' म्हणणारा माणूस तिथे पुन्हा एकदा तेच म्हणतोय, एवढंच. शिकलेल्या नटाला नम्रता दाखवावी लागते, यांच्याजवळ ती चालू खात्यात होती. २०११ साली सुबोध भाव्यांनी पडद्यावर बालगंधर्व उभे केले, फार सुरेख केले. पण त्यांना बालगंधर्व व्हावं लागलं. नारायणरावांना जन्मभर दुसरं काही होताच आलं नाही, हाच त्यांचा सिनेमातला दोष आणि हाच त्यांचा मोठेपणा.

सिनेमा चालू असताना मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. डोळे मिटून ऐकत होते, म्हणजे सिनेमा होता तरी पाहत नव्हते. मी तीस वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न विचारून टाकला.

"अण्णा, तुम्ही ते कर्ज का हो फेडलंत? कोर्टात दहा वर्षं सहज गेली असती."

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. "सही माझी होती ना," म्हणाले.

"पण माझं सी. ए. राहिलं."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माहीत आहे मला. दर हप्त्याला आठवायचं. म्हणून तर घरी आल्यावर रेकॉर्ड लावायचो. नाहीतर त्या दिवशी तुझ्याशी बोलायला तोंड कुठलं होतं?"

मी गप्प. पडद्यावर नारायणराव गात होते. इतकी वर्षं मला वाटायचं, अण्णा हप्ता भरल्याच्या आनंदात गाणं ऐकतात. हिशेबात एक पै लागत नव्हती ती ही. सापडली तेव्हा टाळी मात्र वाजवता आली नाही.

"आता बोलू नकोस," अण्णा म्हणाले, "ही जागा चुकेल."

सांगलीला परत येताना मी नागठाण्याच्या पाटीला पुन्हा हात जोडले. गाव चुकीचं आहे हे माहीत असूनही. सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक देतात, त्याचे पहिले मानकरी बालगंधर्व. तेव्हा भरणा योग्य शाखेत वर्ग होईल, याची मला खात्री आहे. सोमवारी बँकेत आमच्या शिपायाने मुलीच्या शैक्षणिक कर्जाचा फॉर्म पुढे केला. जामीनदाराची जागा कोरी होती. मी पेन काढलं, मग चष्मा काढला, मग फॉर्म सगळा वाचला, अटी वाचल्या, पुन्हा वाचल्या. शिपाई म्हणाला, "साहेब, घाई नाही." घाई कशी असेल? मी अण्णा नाही आणि नारायणराव तर नाहीच नाही.

सही केली. हात जरा थरथरला, पण व्यवस्थापकांनी नमुन्याशी ताडून पाहिली तेव्हा जुळली.